स्लोनचे पुस्तक आणि टॅव्हेराची वही

मोटार कंपनीचा इतिहास लिहिण्याच्या दोन रूढ रीती आहेत. एक कंपनीतल्या माणसाची, दुसरी कंपनीशी भांडणाऱ्याची. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीपुरते बोलायचे तर या दोन्ही रीतींची गाजलेली पुस्तके लागोपाठच्या वर्षांत आली. आल्फ्रेड स्लोन यांचे ‘माय इयर्स विथ जनरल मोटर्स’ 1964 साली बाजारात आले आणि राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ 1965 साली. मी मोटार अभियांत्रिकी शिकलेलो नाही. इंग्रजी पुस्तक वाचताना अजूनही शब्दकोश शेजारी लागतो. पण ही दोन पुस्तके मी नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात बसून पुन्हा पुन्हा वाचली आहेत. या दोन्ही पुस्तकांत गाडीचा मालक सतत येतो, पण आपल्याकडचा मालक त्यांत कुठेच बसत नाही, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे या लेखात पाहायचे आहे.

नगरचा आणि जनरल मोटर्सचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध चांगला जुना आहे. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे–नगर मार्गावर धावली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ती पुण्याहून निघाली की नगरहून, यावर दोन प्रकारे सांगतात. दोन्ही गावे श्रेय सोडायला तयार नाहीत. लाकडी बांधणी, काथ्याच्या गाद्या, गावोगावी लोकांनी थांबवून केलेले स्वागत, सगळे दर वर्धापनदिनी छापून येते. गाडी बेडफर्ड होती, हेही येते. पण बेडफर्ड म्हणजे काय, ते येत नाही. बेडफर्ड ही इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल कंपनीची मालवाहू शाखा. व्हॉक्सहॉल 1925 सालीच जनरल मोटर्सने विकत घेतली होती आणि 1931 साली निघालेला पहिला बेडफर्ड हे शेव्हर्लेच्याच ट्रकचे इंग्रजी बारसे होते. खासगी मोटारवाल्यांच्या मनमानीतून प्रवाशांना सोडवण्यासाठी स्वतंत्र देशाच्या सरकारने जी सेवा काढली, तिची पहिली चाके जगातल्या सर्वांत मोठ्या खासगी मोटार कंपनीची होती. हा विरोधाभास आमच्या आठवणींच्या लेखनाने कधी टिपला नाही. सुरुवातीच्या एसटीच्या ताफ्यात बेडफर्डबरोबर शेव्हर्ले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. त्या काळच्या मिस्त्र्यांचे हाल कल्पावेत.

त्याआधी वीस वर्षे, 1928 साली, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना घातला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. 1953 साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांच्याकडे गाडीचे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनाच परवानगी असावी. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. 1954 साली शिवडीची जुळणी थांबली. हा भाग मी भराभर सांगतो आहे, कारण तो बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो.

आता स्लोन यांच्याकडे वळू. कंपनी उभी केली ती विल्यम ड्युरांट या धाडसी, जवळजवळ जुगारी माणसाने, 1908 साली. तिला शिस्त लावली ती 1923 साली अध्यक्ष झालेल्या स्लोन यांनी. त्यांचे पुस्तक व्यवस्थापन शिकणाऱ्यांना अजून वाचायला लावतात. पुस्तकाची स्वतःची कथा पुस्तकात नाही, आणि ती मला पुस्तकाइतकीच महत्त्वाची वाटते. प्रत्यक्ष लेखन जॉन मॅक्डोनल्ड या पत्रकाराने केले. ते तयार झाल्यावर कंपनीच्या वकिलांना धास्ती पडली की, यातली कागदपत्रे सरकार मक्तेदारीविरोधी खटल्यात वापरेल. पुस्तक अडवले गेले. मॅक्डोनल्ड यांनी आपल्याच कथानायकाच्या कंपनीवर दावा लावला, तेव्हा कुठे ते छापले गेले. ही हकीकत त्यांनी पुढे लिहिली, ती 2002 साली पुस्तकरूपाने आली. म्हणजे कंपनीची बाजू मांडणारे हे पुस्तकसुद्धा कंपनीला सोसवले नव्हते. ते वाचताना मी हे विसरू शकत नाही.

1920च्या दशकात मोटारीचा बाजार पालटला त्याची चार कारणे स्लोन देतात: हप्त्याने विक्री, जुनी गाडी देऊन नवी घेणे, बंद छपराची बांधणी आणि दरवर्षी नवे मॉडेल. मांडणी देखणी आहे. अमेरिकेपुरती खरीही आहे. ती आपल्या जिल्ह्यात आणून ठेवली की काय होते?

बांधणीचे आधी. जनरल मोटर्सने फिशर बॉडी ही सांगाडे बनवणारी कंपनी टप्प्याटप्प्याने घेतली, 1926 साली पूर्ण गिळली, आणि बंद गाडी ही कंपनीची मालमत्ता झाली. आपल्याकडे उलटे झाले. कंपनी चासी विके आणि वरची गाडी इथले सुतार-लोहार बांधत. एसटीने तर दापोडीला स्वतःची कार्यशाळा काढून बांधणी हातात घेतली. प्रवासी ज्याला गाडी म्हणतो, म्हणजे बाक, खिडकी, पायरी, टपावर जाणारी शिडी, ते सगळे इथल्या हातचे. बेडफर्डचे ‘आपली लालपरी’ कसे झाले याचे उत्तर मला इथे दिसते. आमच्या स्मरणलेखकांना कंपनी दिसली नाही, याचे थोडे समर्थन करायचे तर ते असे की, कंपनी खरोखरच बाकांखाली झाकली गेली होती.

फिशर बॉडीचे नाव नगरला आणखी एका वाटेने येते. इथल्या रणगाडा संग्रहालयात 1965 साली पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन उभा आहे. पॅटन मालिकेतला एम-48 हा रणगाडा क्रायस्लर, फोर्ड आणि फिशर बॉडी या तिघांनी मिळून बनवला. सहलीला आलेली मुले त्याच्यासमोर छायाचित्र काढतात आणि बाहेर येऊन एसटीत बसतात.

स्लोन यांचे चौथे कारण म्हणजे दरवर्षी नवे मॉडेल. जुन्या गाडीबद्दल मालकाच्या मनात हळूहळू नावड पेरायची आणि त्याला दुकानात परत आणायचे, हे स्लोन यांच्या यशाचे मर्म. नगर जिल्ह्यात हेच सूत्र सपशेल उलटे पडते, आणि ते दाखवायला याच कंपनीची एक गाडी पुरते. शेव्हर्ले टॅव्हेरा 2004 साली आली आणि 2017 पर्यंत विकली गेली. तेरा वर्षांत तोंडवळा थोडाफार बदलला. खालची शिडीसारखी चासी, मागचे पाटे, मागच्या चाकांना ताकद, हे तसेच राहिले. गाडी नावाला अमेरिकन. इंडोनेशियात इसुझु पँथर म्हणून चालणाऱ्या जपानी गाडीचे ते भारतीय रूप होते. (ऑप्ट्रा आणि स्पार्क मूळच्या कोरियातल्या देवूच्या, अ‍ॅस्ट्रा आणि कोर्सा जर्मनीतल्या ओपेलच्या. 1994 नंतर या कंपनीने भारतात अमेरिकन आराखड्याची गाडी जवळजवळ विकलीच नाही.)

शिर्डीच्या टॅक्सीवाल्यांनी टॅव्हेरा उचलली ती ती नवी होती म्हणून नव्हे, बदलत नव्हती म्हणून. मनमाड किंवा कोपरगाव स्टेशनावर उतरलेले आठ-नऊ जणांचे कुटुंब सामानासह एका गाडीत बसते, शिर्डीहून सत्तरेक किलोमीटरवरचे शनिशिंगणापूर करून परत येते, जमल्यास दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वरला जाते. यासाठी अशी गाडी हवी, जिचा आवाज ऐकून रस्त्याकडेचा मिस्त्री नोजल की पंप ते सांगेल. दरवर्षी बदलणारी गाडी या माणसाला शत्रूसारखी वाटते. स्लोन यांच्या पुस्तकात गाडी ही ऐपतीची खूण आहे. शिर्डीत ती दुभत्या म्हशीसारखी आहे. म्हैस कोणी दरवर्षी बदलत नाही.

उरली दोन कारणे, हप्ता आणि जुन्याचा बाजार. ती इथे तंतोतंत लागू होतात, फक्त त्यातली माणसे वेगळी. जनरल मोटर्सने 1919 साली स्वतःची कर्ज देणारी संस्था काढली. आपल्याकडे तिथे पतसंस्था आणि फायनान्स कंपनी येते, आणि जामीन म्हणून मेव्हणा किंवा चुलतभाऊ. हप्ता थकला तर नुसती गाडी जात नाही, नात्यात बोलणे बंद होते. या घटकाला स्लोन यांच्या तक्त्यात रकाना नाही.

नेडर यांचे पुस्तक मला अधिक जवळचे वाटते, पण त्यालाही मर्यादा आहे. शेव्हर्लेच्या कॉर्व्हेअर गाडीवरच्या पहिल्याच प्रकरणात ते दाखवतात की, अपघाताचा दोष चालवणाऱ्यावर ढकलल्याने गाडीची रचना तपासणीतून सुटते. कंपनीने त्यांच्यामागे खासगी हेर लावले. मार्च 1966 मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली आणि त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. आपल्या वर्तमानपत्रांत नगर–मनमाड रस्त्यावरच्या अपघाताची बातमी अजून एकाच वाक्याने सुरू होते: चालकाचा ताबा सुटला. ताबा का सुटला, टायर कोणता होता, गाडीत एअरबॅग होती का, मधल्या बाकाला पट्टा होता का, हे विचारायची पद्धत नाही. 2017 साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या शेव्हर्ले एन्जॉयला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. नेडर यांचे पुस्तक निघून तोवर बावन्न वर्षे झाली होती. पण नेडर यांच्यासमोरचा मालक स्वतःसाठी गाडी घेणारा आहे. फसला तर तो ग्राहक म्हणून फसतो. दुसऱ्याची आठ माणसे वाहून पोट भरणारा मालक एकाच वेळी ग्राहकही असतो आणि जबाबदार वाहतूकदारही. कंपनीची चूक त्याच्या नावावर जमा होते.

याचा पुरावा जुलै 2013 मध्ये मिळाला. कंपनीने 2005 ते 2013 दरम्यान बनलेल्या सुमारे 1 लाख 14 हजार टॅव्हेरा परत बोलावल्या. कमी उत्सर्जनाची इंजिने निवडून तीच तपासणीच्या गाड्यांना बसवली जात होती, हे कंपनीने स्वतःच सरकारला कळवले आणि काही कर्मचाऱ्यांना काढून टाकले. स्वतःहून कळवले, याचे श्रेय द्यायला हवे. पण मालकाच्या बाजूने पाहा. तो वर्षानुवर्षे पेट्रोल पंपाशेजारच्या टपरीत पीयूसी काढत होता. ते यंत्र उभ्या गाडीला रेस देऊन धुराचा काळेपणा मोजते. कारखान्यातली तपासणी रोलरवर गाडी चालवून दर किलोमीटरला किती ग्रॅम विषारी वायू आणि काजळी बाहेर पडते ते मोजते. पहिल्या कागदावरून दुसऱ्या कागदाची खोटी कधीच उघडी पडत नाही. मालक नियम पाळत होता आणि गाडी नियमात नव्हती. पोलिसाने अडवले तर दंड कोणाला, हे सांगायला नको.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत इग्निशन स्विचचे प्रकरण फुटले. ज्या दोषाची कुणकुण कंपनीत दहा वर्षे होती, त्यापायी 124 मृत्यूंची भरपाई मान्य झाली. चौकशी अहवालात कंपनीतल्या एका सवयीचे वर्णन आहे: बैठकीत सर्वांनी माना डोलवायच्या आणि बाहेर पडल्यावर कोणी काही करायचे नाही. हे वाचून मला कंपनी प्रथमच ओळखीची वाटली.

कंपनीने 1 जून 2009 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. एसटीचा वर्धापनदिन तोच, हा नुसता योगायोग. मे 2017 मध्ये तिने जाहीर केले की, वर्षअखेर भारतातली विक्री थांबेल, सेवा आणि सुटे भाग मिळत राहतील. तळेगावचा 2008 साली सुरू झालेला कारखाना निर्यातीपुरता डिसेंबर 2020 पर्यंत चालला, कामगारांचा लढा न्यायालयांत गेला आणि 2023 साली ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला.

मग आपल्या मालकाचा इतिहास कुठे वाचायचा? माझे उत्तर आहे: त्याच्या वहीत. राहाता तालुक्यातल्या एका टॅव्हेरा मालकाने मला आपली वही वाचू दिली. शाळेची दोनशे पानी वही, डाव्या पानावर फेरी, उजव्या पानावर खर्च. ‘शि.शिं.’ म्हणजे शिर्डी–शिंगणापूर. शनिवारी आणि अमावास्येला नोंदी दाटीने येतात, रामनवमी आणि गुरुपौर्णिमेला ओळ पुरत नाही. उजवीकडे डिझेल, पाटे, क्लचप्लेट, हप्ता. हप्त्याला लाल शाई. जुलै 2013 च्या पानांवर त्या गाजलेल्या बातमीचा मागमूस नाही. पीयूसीचे पैसे मात्र लिहिलेले आहेत. जून 2017 मध्ये ‘क्लचप्लेट दोन, जादा’ अशी नोंद आहे. विक्री बंद होणार हे कळल्यावर त्याने कंपनीच्या आश्वासनावर आणि स्वतःच्या अनुभवावर एकदमच विश्वास ठेवलेला दिसतो. 17 मार्च 2020 ला साई मंदिर बंद झाले. डावी पाने नोव्हेंबरपर्यंत कोरी आहेत, उजव्या पानांवर लाल शाई थांबत नाही.

साहित्य म्हणून या वहीत उणिवा आहेत. तीत कोणाचे बोलणे नाही, राग नाही, प्रवाशाचा चेहरा नाही. पण स्लोन यांनी जे झाकले आणि नेडर यांना जे दिसायचे कारण नव्हते, ते हिच्यात तारीखवार आहे: कंपनीच्या प्रत्येक निर्णयाची किंमत कोणत्या दिवशी, किती रुपयांनी, कोणाच्या खिशातून गेली. अशा वह्या जिल्ह्यात घरोघरी असतील आणि गाडीबरोबर रद्दीत जात असतील. साखर कारखान्यांचे अहवाल आपण जपतो, पतसंस्थांच्या स्मरणिका जपतो. या वह्या जपाव्यात असे कोणत्याही ग्रंथालयाला सुचलेले मला दिसले नाही.

2021 च्या एप्रिलमध्ये मंदिर दुसऱ्यांदा बंद झाले, तेव्हा त्या मालकाने गाडी विकली. राहुरीकडच्या एका भाजीवाल्याने घेतली. मागचे बाक काढून तो तीत टोमॅटोचे क्रेट नेतो. व्यवहाराच्या वेळी त्याने गाडीच्या कागदांबरोबर वहीही मागितली होती. कोणता भाग कधी बदलला ते त्याला हवे होते. मालकाने उजव्या पानांच्या झेरॉक्स काढून दिल्या आणि वही घरी ठेवली.