गाणे आमचे, नाममुद्रा कोणाची?

आंबेडकरी गाण्याविषयी आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक आशयाविषयी लिहिले गेले. गाण्यातला विद्रोह, गाण्यातले बाबासाहेब, गाण्याने वस्तीत पेटवलेली जाणीव, यांवर आपण पुष्कळ बोललो. पण हे गाणे लिहिणारा, त्याला चाल लावणारा आणि ते गाणारा माणूस जगतो कशावर, हा प्रश्न आपल्या समीक्षेने वाङ्मयबाह्य ठरवून टाळला. आज हे गाणे मंडपातून मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. आता तो प्रश्न टाळणे परवडणारे नाही.

स्वतंत्र गायकाला सध्या सगळीकडून एकच उपदेश ऐकू येतो. स्वतःचा चॅनल काढ, स्वतःचे नाव बाजारात आण, चाहते जोड, पैसा आपोआप येईल. या उपदेशाच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. गाणाऱ्याजवळ भांडवल आहे, रिकामा वेळ आहे, इंग्रजी आहे आणि करार वाचून देणारा वकील ओळखीचा आहे, असे ते गृहीत. दिवसा मजुरी करून रात्री गाणाऱ्या आपल्या गायकाजवळ यांतले काय आहे? म्हणून हा उपदेश तपासून घेतला पाहिजे. तो झिडकारण्याचे मात्र कारण नाही.

आधी आपल्याच मनातला एक संकोच तपासू. गावगाड्यात हलगी, डफ, सनई वाजवणे ही अस्पृश्यांवर लादलेली सेवा होती. लग्न पाटलाच्या घरचे असो की जत्रा गावाची असो, बोलावणे आले की जावे लागे. मोल ठरवण्याचा अधिकार वाजवणाऱ्याला नव्हता. पदरात पडेल ते दान समजून घ्यायचे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी ही वाद्ये खाली ठेवली, ती या अपमानाला नकार म्हणून. १९५८ च्या कायद्याने महार वतनेही गेली. जलशाची गोष्ट वेगळी. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिककडे जो जलसा उभा केला, तो स्वखुशीने समाजाला दिलेले दान होते. दान स्वतंत्र माणूस देतो. वेठ गुलामाकडून घेतली जाते.

आज १४ एप्रिलच्या कार्यक्रमात मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे आणि जेवणावळीचे पैसे आपण बिनतक्रार चुकते करतो. गायकाने मानधन विचारले की मात्र त्याने चळवळीचा बाजार मांडला, असे म्हणतो. जलशाचे नाव घेऊन आपण बलुत्याचाच व्यवहार करतो आहोत, असे येथे स्पष्टपणे म्हणावे लागते.

१९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि भीमगीत घरोघर गेले. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर कॅसेटचे ढीग विकले गेले. त्या काळात एकरकमी काही रुपये हातावर ठेवायचे आणि सगळे हक्क कागदावर लिहून घ्यायचे, अशी बाजाराची सर्रास रीत होती. आवाज आमचा राहिला, मालकी गेली. नव्या यंत्रात ही रीत मोडेल, अशी अनेकांची आशा आहे. ती कितपत खरी?

यंत्राचा हिशेब साधा आहे. यूट्यूबवर जाहिरातीच्या पैशात वाटा हवा तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले गेल्याची नोंद लागते. किंवा ९० दिवसांत छोट्या चित्रफिती १ कोटी वेळा पाहिल्या जाव्या लागतात. अट पुरी झाली की लांब चित्रफितीवरील जाहिरातीचा ५५ टक्के वाटा चॅनलच्या मालकाला मिळतो. स्पॉटिफायने २०२४ पासून ठरवले की बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला काहीच द्यायचे नाही. शिवाय तेथे प्रत्येक ऐकण्याला ठरलेला दर नसतो. जमलेल्या रकमेची वाटणी एकूण ऐकण्यातल्या हिश्शाप्रमाणे होते. ज्याचे आधीच फार ऐकले जाते, त्याच्याकडे फार जाते. आणि वाटा चॅनलच्या मालकाला मिळतो, हे शब्द नीट वाचावेत. एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात लोकांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींतून महाराष्ट्राला माहीत झाल्या, ही या माध्यमाची थोरवीच आहे. पण टिपणारा एक आणि गाणारी दुसरी असली की पैसा टिपणाऱ्याच्या खात्यावर जातो.

प्रसिद्धी म्हणजे पैसा, हा समज तमिळ गाण्याच्या एका उदाहरणाने पार मोडून पडतो. मार्च २०२१ मध्ये आलेले ‘एन्जॉय एन्जामी’ हे गाणे दलित कवी-गायक अरिवू यांनी लिहिले. भूमिहीन मळेमजुरांच्या पिढ्यांची आठवण त्यात आहे. धी आणि अरिवू यांनी ते गायले, संगीत संतोष नारायणन यांचे. गाणे कोट्यवधी लोकांनी पाहिले. त्याच वर्षी एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर अरिवू दिसले नाहीत, तेव्हा मोठा वाद झाला. पुढे मार्च २०२४ मध्ये संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले, की या गाण्याचा एक पैसाही आपल्या हाती आलेला नाही. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण एवढे मोठे गाणे, एवढी माणसे ऐकणारी, आणि तरी नाव कोणाचे व पैसा कोठे हा वाद उरतोच. ज्याच्या मागे कोणी नाही, त्या वस्तीतल्या गायकाचे काय होईल?

आपल्या पूर्वसूरींना हा धोका कळत होता. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफत. संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आलेली ही नाममुद्रा म्हणजे मौखिक परंपरेतला मालकी हक्कच होय. छापखाना नव्हता, कागद नव्हता, तेथे गाणे स्वतःच आपल्या कर्त्याची साक्ष देई. आज अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. त्यात ध्रुवपद राहते आणि शेवटचे कडवे गळते. त्याबरोबर कवीही गळतो. वामनदादा २००४ मध्ये गेले. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो, या कायद्याने त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. हे ध्यानात घेऊन त्यांची गाणी चढवणारे आपल्यात किती?

तेव्हा कायदा शिकणे हेही आता आपल्या सांस्कृतिक कार्याचा भाग झाले पाहिजे. गाणे निर्माण होताच हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हक्क देताना करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षेच धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने कवी आणि संगीतकार यांच्या मानधनाच्या वाट्याला संरक्षण दिले. तो वाटा कंपनीला सहीने सोडून देता येत नाही. कवी-संगीतकारांचे मानधन गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. आपले किती शाहीर तिचे सभासद आहेत? गाणे चढवण्यापूर्वी कवी, चालकार, गायक, वादक यांचे वाटे एका साध्या कागदावर मराठीत लिहावेत व सर्वांनी सह्या कराव्यात. चॅनल स्वतःच्या नावे असावा. चित्रफितीखाली कवीचे नाव पहिल्या ओळीत असावे. ऐकणाऱ्याला थेट पैसे देता येतील, असा मार्ग तेथेच द्यावा. दोनशे माणसांनी दरमहा दिलेले पन्नास रुपये म्हणजे दहा हजार होतात. जाहिरातीतून एवढे मिळवायला फार मोठी गर्दी लागते.

एक इशारा मात्र देऊन ठेवला पाहिजे. यंत्राला गर्दी हवी असते. जयंतीच्या आठवड्यात ठेक्यावर नाचवणारे गौरवगीत चालते, जातीचा जाब विचारणारे गाणे मागे पडते. गर्दीचा आकडा पाहूनच गायक लिहू लागला, तर पाटलाच्या दारची हलगी पुन्हा हाती आली असे समजावे. फक्त पाटील बदललेला असेल. यातून सुटका एकट्या गायकाच्या हाती नाही. जाब विचारणारे गाणे जगवायचे असेल, तर त्याचे मोल यंत्राऐवजी समाजाने दिले पाहिजे.

म्हणून प्रश्न शेवटी श्रोत्याचा आहे, म्हणजे आपला. महाविद्यालयातल्या मंडळाने, जयंती उत्सव समितीने, कार्यकर्त्याने आपल्या खर्चाच्या यादीत गायक आणि कवी यांची ओळ मंडपाच्या आधी लिहावी. फुकट ऐकण्याची सवय आपण मोडली, तरच गाणाऱ्याला ताठ मानेने गाता येईल. बाबासाहेबांनी वेठ नाकारायला शिकवले. ती आपल्याच माणसाकडून घेणेही नाकारू या.