त्यागाची किर्द : वर्ध्याच्या साधेपणाचे एक वाचन

वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांची चरित्रे मी गेली अनेक वर्षे जमतील तशी वाचत आलो आहे. त्या लेखनाचा एक साचा ठरून गेला आहे. सुखवस्तू माणूस, एक घटना, मग दागिने, मोटार, नोकरी किंवा पदवी सोडणे, आणि शेवटी वाचकाने मनोमन केलेला नमस्कार. या साच्यात सोडलेल्या वस्तूंची यादी सविस्तर येते; पण सोडल्यानंतर जगण्याचा खर्च कोणी उचलला, कोणाचे काम वाढले, वाचलेला पैसा कुठे गेला, याची किर्द क्वचितच सापडते. या लेखात ती किर्द शोधायची आहे. माझे म्हणणे असे, की वर्ध्याच्या साधेपणाचे खरे मोल त्यागात नसून त्यातून झालेल्या मोजमापात आहे, आणि आपल्या चरित्रलेखनाने नेमके तेच पुसून टाकले.

सुरुवात जमनालाल बजाजांपासून करावी लागते. वर्ध्याच्या शेठ बच्छराजांच्या घरी नातू म्हणून दत्तक आलेला हा मुलगा लग्नसमारंभात दागिने घालण्यावरून आजोबांशी बिनसल्यावर, वयाच्या सतराव्या वर्षी, संपत्तीवरचा हक्क सोडल्याचे पत्र लिहून घराबाहेर पडला. चरित्रकार या पत्रापाशी हमखास रेंगाळतात. पण पुढचा भाग अधिक बोलका आहे. आजोबांनी समजूत काढून त्यांना परत आणले. जमनालालांनी व्यापार केला, वाढवला, आणि वारशाच्या रकमेकडे विश्वस्त म्हणून पाहिले. म्हणजे त्यांनी पैसा सोडला नाही, पैशावरची मालकी सैल केली. वर्ध्यातील बहुतेक संस्था याच पैशावर उभ्या राहिल्या. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले तेव्हा त्या झोपडीमागेही हाच आधार होता. गांधीजींना गरिबीत ठेवणे फार महाग पडते, हा सरोजिनी नायडूंच्या नावावर सांगितला जाणारा विनोद आपण हसून सोडून देतो. समीक्षकाने तो सोडू नये, कारण त्यात हिशेबाचा प्रश्न आहे.

जानकीदेवी बजाजांचे ‘मेरी जीवन-यात्रा’ हे आत्मकथन या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. पतीच्या सांगण्यावरून त्यांनी सोने उतरवले आणि ते पुन्हा कधी घातले नाही. १९१९ मध्ये पडदाही सोडला. दोन्ही निर्णय धाडसाचे होते. तरी सोने सोडण्याचा विचार पहिल्यांदा कोणाच्या मनात आला आणि तो पाळायचा कोणी, हा प्रश्न उरतोच. घरातला साधेपणा पुष्कळदा पुरुष ठरवतो आणि स्त्री निभावते. विकतचे पीठ बंद झाले की जात्यावर कोण बसते, हे कोणत्याही आश्रमाच्या इतिहासात विचारायला हवे.

हा हिशेब सर्वांत कठोरपणे मांडला तो विनोबांनी. १९३५च्या सुमारास नालवाडीला असताना त्यांनी दिवसाचे बरेच तास कातायचे आणि त्या सुताची जी मजुरी होईल तेवढ्यातच जेवण भागवायचे, असा प्रयोग केला. याला उपास किंवा तप म्हणणे सोपे आहे. मला तो अर्थशास्त्रातला प्रयोग वाटतो. खादी चळवळ ज्या दराने गरीब कातणारणीला मजुरी देत होती, त्या दरात माणूस जगतो का, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर तपासले. त्याच सुमारास गांधीजींच्या आग्रहाने चरखा संघाने कातणाऱ्याला जगण्यापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. साधेपणाने इथे दुसऱ्याच्या ताटाचे माप घेतले.

पुढे १९३८ मध्ये प्रकृती पार ढासळल्यावर विनोबा पवनारला गेले, ते धाम नदीकाठच्या जमनालालांच्याच बंगल्यात. या विसंगतीला त्यांनी स्वतःच १९५० मध्ये उत्तर दिले. त्या प्रयोगाचे नाव कांचनमुक्ती. पैशाचे दान घ्यायचे नाही, आश्रमाच्या जमिनीत बैलांशिवाय हातांनी शेती करायची, स्वतःच्या सुताचे कापड वापरायचे. काटकसर आणि कांचनमुक्ती यांत मूलभूत फरक आहे. काटकसर करणारा कमी खर्च करतो. कांचनमुक्तीवाला विचारतो, की जो पैसा मी खर्च करतो तो आला कोणाच्या श्रमातून?

हाच प्रश्न ग्राहकाच्या बाजूने विचारला जे. सी. कुमारप्पांनी. लंडनमध्ये हिशेबतपासणी शिकून मुंबईत व्यवसाय केलेला हा माणूस ग्रामोद्योग संघासाठी वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिला. वस्तू घेणारा तिच्या उत्पादनातल्या अन्यायाचाही वाटेकरी असतो, असा त्यांचा युक्तिवाद. जमा-खर्चाच्या वहीत त्यांनी एक नवा रकाना आखला. न घेणे हा त्यांच्या लेखी सद्गुण नव्हता. कोणाकडून आणि कशी बनलेली वस्तू घेतो, याला महत्त्व होते.

या सगळ्यावर सर्वांत मोठा आक्षेप डॉ. आंबेडकरांचा आहे. १९४५ मधल्या आपल्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी दाखवले, की यंत्राने मिळणारी फुरसत नाकारली तर बहुसंख्यांच्या वाट्याला कष्टच येतात. आणि ज्यांना धर्मानेच संपत्ती नाकारली, त्यांना दारिद्र्याचे गुण सांगणे ही क्रूर गोष्ट आहे. या आक्षेपाला आश्रमीय साहित्यात पुरेसे उत्तर मला आढळले नाही. सोडण्यासाठी आधी हाती काही असावे लागते. ज्या बाईकडे एकच लुगडे आहे तिला अपरिग्रह शिकवता येत नाही.

तरीही एक उत्तर याच जिल्ह्यात मिळाले, असे मी मानतो, आणि ते ग्रंथात नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, शेतमजुराचे किमान वेतन ४ रुपये असताना, डॉ. अभय बंग यांनी कान्हापूर या गावात मजुरांचे काम आणि आहार यांचा अभ्यास केला. ज्या पागे समितीच्या आधारे हा दर ठरला होता, तिच्या गणितातल्या चुका दाखवून वेतन १२ रुपये हवे, असे त्यांनी मांडले. पुढे शासनाने ते १२ रुपये केले. नालवाडीच्या चरख्यापासून कान्हापूरच्या निंदणापर्यंत प्रश्न एकच आहे : या मजुरीत माणूस जगतो का? इथे साधेपणाचा उपदेश मजुराला केलेला नाही. त्याची मजुरी वाढावी यासाठी तो कामी आला आहे.

आज शहरी सुखवस्तू घरांत कमी वस्तूंत राहण्याची आवड वाढते आहे. वर्षभर नवे कपडे न घेण्याचा संकल्प, रिकामी कपाटे, त्यावरची पुस्तके. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धाही होता. जो पऱ्हाटी लावतो त्याच्याच घरी दिवाळीला कापड येत नाही, अशी घरे इथे आहेत. त्यांचे न घेणे कोणी निवडलेले नाही. दोन्हींना एकच ‘साधेपणा’ हा शब्द वापरणे ही भाषेतली लबाडी आहे.

म्हणून यापुढे असे चरित्र परीक्षणाला आले, तर काय काय सोडले याची यादी मी शेवटी वाचेन. आधी पाहीन, की त्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा पगार त्या वर्षी वाढला का, शिवायला कापड कमी गेल्याने कोणत्या शिंप्याचे काम तुटले, आणि वाचलेली रक्कम मुदतठेवीत गेली की बाहेर पडली. हे रकाने भरलेले चरित्र मराठीत अजून लिहायचे आहे. त्याची कागदपत्रे वर्ध्याइतकी दुसरीकडे क्वचितच असतील.