रिकाम्या पाळण्याची गोष्ट

विनोदी चित्रपट म्हणजे दोन घटका करमणूक, अशी आपली समजूत असते. जोएल आणि ईथन कोएन या अमेरिकन बंधूंचा १९८७ सालचा ‘रेझिंग ॲरिझोना’ पाहताना ही समजूत डळमळते. पुढे ‘फार्गो’ (१९९६) आणि ऑस्करविजेता ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००७) यांनी हे बंधू जगभर गाजले. हा त्यांचा दुसराच चित्रपट.

हाय (निकोलस केज) हा किरकोळ चोर. गोळ्या नसलेली बंदूक दाखवून दुकाने लुटतो आणि पुन्हा पुन्हा तुरुंगात जातो. तिथे कैद्यांचे फोटो काढणाऱ्या एड (होली हंटर) या पोलीस तरुणीशीच त्याचे लग्न होते. पण एडला मूल होणार नाही, असे डॉक्टर सांगतात. दत्तक घ्यावे तर नवऱ्याचा गुन्ह्यांचा इतिहास आडवा येतो. अशात फर्निचरचा श्रीमंत व्यापारी नेथन ॲरिझोना याच्या घरी एकदम पाच मुलगे जन्मतात. पाचांतला एक उचलला तर त्यांचे काय बिघडले, असा हिशेब हे जोडपे मांडते. एवढी सारी कथा चित्रपटाचे नाव पडद्यावर येण्याआधीच, सुमारे ११ मिनिटांत सांगून होते.

सर्वांत हसवणारा प्रसंग बाळाच्या लंगोटांचा. हाय दुकानातून त्यांचे पाकीट चोरतो. मागे पोलीस, बंदूकधारी दुकानदार आणि कुत्र्यांची झुंड लागते. बॅरी सोनेनफेल्ड यांचा कॅमेराही जमिनीलगत धावत सुटतो. आपण पोट धरून हसतो. पण हा माणूस बाप व्हायला निघाला आहे आणि त्याला चोरीखेरीज दुसरी वाट ठाऊक नाही, हेही त्याच वेळी जाणवते. विनोदाचे बळ आम्हाला इथे दिसते.

हा चित्रपट गरिबांची टर उडवतो, असा आक्षेप घेता येईल. आम्हाला तो पटत नाही. फिरत्या घरात राहणाऱ्या या चोराच्या तोंडी दिग्दर्शकांनी ग्रंथासारखी भारदस्त भाषा दिली आहे. तो स्वतःची कहाणी इज्जतीने सांगतो. उणीव आहे ती वेगळी. ज्या आईचे बाळ गेले, ती पडद्यावर जेमतेम दिसते. एडचे दुःख जितके जपले, तितके तिचे जपलेले नाही.

तरीही चित्रपट चोरीला योग्य ठरवत नाही. हाय आणि एड बाळ स्वतः परत नेऊन ठेवतात. नेथन त्यांना पकडतो, पण पोलिसांच्या हवाली करत नाही. उलट मोडू पाहणारा संसार टिकवा, असे सुचवतो. कागदावरच्या गुन्ह्यांपलीकडे त्याला समोरची माणसे दिसतात. दत्तकाच्या कचेरीला जे जमले नाही, ते लुटल्या गेलेल्या बापाला जमते. म्हणूनच हा चित्रपट हसून विसरण्याजोगा नाही, असे आम्हाला वाटते.