हलकी नळी, जड दावे

रायफलच्या पोलादी नळीवर काळ्या कार्बनचं वेटोळं चढलं की किंमत सहज दुप्पट होते, कधी त्याहूनही वर जाते. अमेरिकेत हा धंदा आता चांगलाच स्थिरावला आहे. कार्बनचे कृत्रिम पाय बनवणाऱ्या रोलंड क्रिस्टेन्सन यांनी युटामध्ये १९९५ साली ‘क्रिस्टेन्सन आर्म्स’ काढली. पुढे मोंटानाच्या ‘प्रूफ रिसर्च’नं या नळ्यांना शिकाऱ्यांमध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली. जाहिराती मात्र एका दमात तीन गोष्टी सांगतात: हलकी, ताठ आणि थंड. यातली पहिली निखळ खरी आहे.

पोलादी नळी लेथवर कातून बारीक करायची, तिच्यावर रेझिनमध्ये भिजलेले धागे गुंडाळायचे आणि भट्टीत पक्के करायचे, अशी ही घडण. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट, या मिश्रणाची साधारण १.६ पट, वजन उतरणारच. ताठपणाचं गणित जास्त गमतीचं आहे. तो व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणून त्याच वजनात जाड नळी मिळाली की फायदा मोठा. पण तुलना कुणाशी, हे पाहायला हवं. सडपातळ पोलादी नळीपुढे कार्बन सरस ठरतो. तेवढ्याच जाडीच्या भरीव पोलादापुढे सहसा नाही, कारण तिरके गुंडाळलेले धागे आपला सगळा ताठपणा लांबीच्या दिशेला देत नाहीत. अचूकता तर आतल्या पोलादातच ठरते: आटे, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि नळीचं तोंड किती नीट कातलंय, त्यावर.

थंडपणाचा दावा मला सर्वांत कच्चा वाटतो. धाग्याच्या लांबीतून उष्णता बरी वाहते. आडवी, रेझिनमधून बाहेर येताना ती अडखळते. हाताला नळी गार लागते ती गोधडीच्या बाहेरचा भाग गार लागावा तशी. आतलं पोलाद तापलेलंच असतं आणि तेही आता पातळ. तरी याचा एक खरा उपयोग आहे: दुर्बिणीसमोर तापल्या नळीची थरथरती हवा उशिरा उठते. शिवाय पोलाद तापून लांबतं, कार्बन जवळजवळ नाही. हा ताण सांभाळण्यातच कारागिराचं कसब लागतं. ‘बीएसएफ’ या नळ्या बनवणाऱ्या कंपनीनं तर नळी आणि कार्बनच्या बाहीमध्ये पोकळीच ठेवली.

रॉकी पर्वतात दिवसभर चढून एल्क हरणावर एखादी गोळी झाडणाऱ्याला या नळीचे पैसे वसूल होतात. निशाण्यावर मालिकेनं गोळ्या झाडणारे स्पर्धक अजून जड पोलादच निवडतात, कारण वजनानं धक्का कमी बसतो. आपल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं त्या ५० मीटर प्रकारात तर रायफल ८ किलोपर्यंत चालते आणि पॉइंट टू-टूची गोळी नळी फारशी तापवतही नाही. तिथे ही महागाई कशाला?

नळीच्या आयुष्याचा हिशेबही बदलत नाही. चेंबरपुढचा घसा ज्वाळांनी झिजतो तो पोलादी नळीसारखाच. झिजलेली साधी नळी मागून थोडी कापून नव्यानं चेंबर पाडता येतं, तोंडाकडून आखूड करता येते. कार्बनच्या नळीत वेटोळं आडवं येतं, त्यामुळे बहुतेक बंदूक कारागीर या कामाला हात लावत नाहीत आणि गिऱ्हाइकाला दुसरी नळी पुन्हा त्याच चढ्या भावानं घ्यावी लागते.