सेलू कोणते, हे यंत्राला कोण सांगणार?

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा पाहायचा तर आधी जिल्हा निवडावा लागतो, मग तालुका, मग गाव, आणि त्यानंतर गट नंबर किंवा खातेदाराचे नाव. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. यातल्या तीन नावांचे तालुके महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. सेलू परभणीत आहे, आष्टी बीडमध्ये आहे, कारंजा वाशीममध्ये आहे. सेवा केंद्रात बसलेल्या माणसाला यात काहीच अडचण वाटत नाही, कारण आपण कुठल्या जिल्ह्यात आहोत हे त्याच्या डोक्यात पक्के असते. त्याचेच काम स्वयंचलित ब्राउझरकडे दिले की मात्र हा प्रश्न उभा राहतो. पान वाचून, यादी उघडून, बटण दाबून पुढे जाणारी साधने गेल्या वीस वर्षांत खूप सुधारली. पण ती सुधारणा मुख्यतः क्लिक करण्यात झाली. आपण पानावर नेमके कुठे आहोत आणि पान खरोखर बदलले का, हे ओळखण्यात ती साधने अजून कच्ची आहेत, आणि मराठी पानांवर तो कच्चेपणा सर्वांत जास्त उघडा पडतो.

इतिहास थोडक्यात असा. २००४ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी सेलेनियम लिहिले. वेबसाइटची चाचणी पुन्हा पुन्हा हाताने करण्याचा कंटाळवाणा भाग यंत्राकडे द्यावा, एवढाच त्यांचा उद्देश होता. पुढे सायमन स्टुअर्ट यांचे वेबड्रायव्हर आले, २०११ मध्ये दोन्ही एकत्र झाले, आणि जून २०१८ मध्ये वेबड्रायव्हरला वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली. २०१७ मध्ये गुगलचे पपेटियर आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट आले. सुरुवातीच्या रेकॉर्डिंग साधनांत पानावरची जागा लक्षात ठेवण्यावर भर होता: दुसऱ्या तक्त्यातली चौथी ओळ, तिच्यातला पहिला रकाना. पानावर एक सूचना वाढली की सगळी मोजणी चुकायची. प्लेराइटने दोन गोष्टी चांगल्या केल्या. घटक त्याच्या भूमिकेवरून आणि नावावरून शोधायचा, म्हणजे 'तालुका नावाची यादी' किंवा 'शोधा नावाचे बटण', ही एक. आणि तो घटक दिसतो आहे, स्थिर आहे, वापरता येतो आहे, याची खात्री होईपर्यंत थांबायचे, ही दुसरी. या क्षेत्रातली ही सर्वांत मोलाची भर आहे, असे मला वाटते.

तरीही ती पुरत नाही. जुन्या धाटणीच्या सरकारी पानांवर जिल्हा निवडला की पान सर्व्हरकडे जाऊन येते आणि मगच तालुक्यांची यादी बदलते. नेट मंद असेल तर मधल्या काळात आधीच्या जिल्ह्याची यादी तशीच पडून असते. ती दिसतेही, स्थिरही असते, वापरताही येते. साधनाच्या सगळ्या कसोट्या ती पार करते. आधीच्या कामात परभणी निवडलेले असेल, तर साधन त्या शिळ्या यादीतले सेलू निवडते आणि काम फत्ते झाले असे कळवते. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, हेच यातले सर्वांत वाईट. सेलेनियममध्ये निदान जुन्या घटकाला हात लावल्यावर 'स्टेल एलिमेंट' म्हणून ओरड तरी होते, तीही यादीच बदलून गेली असेल तरच. यावरचा उपाय अवघड नाही: सेलू निवडण्याआधी त्याच यादीत हिंगणघाट आणि समुद्रपूर आहेत का, हे तपासायचे. पण हे तपासायला हवे, हे साधन लिहिणाऱ्याला आधी सुचावे लागते, आणि त्यासाठी वर्ध्याचा नकाशा माहीत असावा लागतो. कितीही सेकंद थांबून या माहितीची भरपाई होत नाही.

गावांच्या पातळीवर हे आणखी बारीक होते. वर्धा शहराला लागून सिंदी (मेघे) आहे आणि सेलू तालुक्यात सिंदी (रेल्वे) आहे. सावंगी, बोरगाव या नावांचेही तसेच. ओळख कंसातल्या शब्दावर टिकून आहे. नावाचा अर्धा भाग जुळला तरी चालेल, अशी मुभा दिलेले साधन इथे हमखास घसरते. पूर्ण नाव जुळवायचे म्हटले तर युनिकोडची अडचण येते. 'ऱ्या' हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येते, पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राच्या तुलनेत ती वेगळी ठरतात. 'ॲ'चेही तेच. युनिकोडचे ठरावीक सामान्यीकरण या दोन्ही जोड्या एक करत नाही. तो नियम आपल्याला वेगळा लिहावा लागतो. गट नंबर देवनागरी अंकांत की इंग्रजी अंकांत, हा प्रश्न त्यावर आणखी. या क्षेत्रातली साधने आणि त्यांची मार्गदर्शने इंग्रजी पाने समोर ठेवून घडली आहेत. मराठी पाने हाताळताना ती चुकतात ती अशा ठिकाणी, आणि ते चाचण्यांत कुठेच दिसत नाही.

यावर आजचा सर्वांत जोरदार आक्षेप असा: आता पडद्याचे चित्र पाहून माणसासारखे काम करणारी प्रारूपे आली आहेत, मग पानाच्या रचनेची एवढी काळजी कशाला? ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने आणि जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआयने अशी सोय खुली केली, आणि ती झपाट्याने सुधारत आहे, हे खरे. २०२३ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी वेबअरीना ही कसोटी मांडली, तेव्हा जीपीटी-४ वर आधारलेल्या उत्तम प्रतिनिधीला (एजंटला) १४.४१ टक्के कामे जमली होती आणि माणसांना ७८.२४ टक्के. ते अंतर त्यानंतर खूप कमी झाले. पण शिळ्या यादीचे चित्र आणि ताज्या यादीचे चित्र यांतले सेलू अक्षरशः एकसारखे असते. डोळे चांगले झाल्याने हा प्रश्न सुटत नाही. शिवाय खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये प्रारूपांसाठी प्लेराइटची जी जोडणी दिली, तिने चित्राऐवजी पानाचा सुलभता-वृक्ष वापरला. दृष्टिहीन व्यक्तीचा स्क्रीन रीडर जो वाचतो तोच हा वृक्ष: हे बटण, ही यादी, यादीचे नाव तालुका, सध्या निवडलेले मूल्य अमुक. यादीला नावच दिले नसेल, तर स्क्रीन रीडर वापरणारा शेतकरी आणि स्वयंचलित ब्राउझर दोघेही एकाच दगडाला ठेचकाळतात. भारत सरकारने संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्येच काढली, दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आला. म्हणजे यंत्रासाठी वेगळे काही मागण्याची गरजच नाही. माणसासाठी जे आधीच देणे आहे तेवढे दिले तरी पुरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी हलका मानत नाही. वाट सोपी केली की गावच्या गाव सातबारे उपसून नावे आणि जमिनी गोळा करणाऱ्यांचेही फावेल. त्यासाठीच तर कॅप्चा आहे. पण गैरवापर थांबवण्यासाठी पान वाचायलाच अवघड ठेवणे हा उपाय चुकीच्या माणसाला अडवतो. पैसेवाला दलाल त्यातून वाट काढतो, दृष्टिहीन खातेदार मात्र बाहेर राहतो. मर्यादा विनंत्यांच्या संख्येवर आणि वेगावर घालावी. साधन बनवणाऱ्यांवरही जबाबदारी आहेच. संकेतस्थळाचा कुठला भाग यंत्रांनी वाचू नये हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलचा संकेत मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवला, २०२२ मध्ये त्याचे लेखी मानक झाले. तो पाळणे ही किमान सभ्यता. कॅप्चा आला की साधनाने थांबावे आणि काम माणसाच्या हाती द्यावे. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यासाठी पैसे भरायची पायरी आली, तर विचारल्याशिवाय बटण दाबू नये. कॅप्चा फोडता येतो ही शेखी मिरवणारे साधन माझ्या लेखी निकृष्टच, मग ते कितीही वेगवान असो.

कामाची सुरुवात वर्ध्यातूनच होऊ शकते. सेवाग्रामला बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शहराजवळ महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, आणि तिथे भाषा-अभियांत्रिकीही शिकवली जाते. खऱ्या पोर्टलला हात न लावता, खऱ्या खातेदारांची नावे न वापरता, त्याच घडणीची बनावट मराठी पाने तयार करता येतील: उशिरा बदलणारी यादी, दोन सेलू, दोन सिंदी, दोन तऱ्हांचे 'ऱ्या'. ती सर्वांना मोफत खुली करावीत. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पाचा विषय शोधताना हा विचारात घ्यावा, आणि त्यांच्या प्राध्यापकांनी तो मंजूर करावा, ही विनंती.