तीस लाखांतले ४७५

२०१४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकेल विल्सन, चार्ल्स च्यू आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकीगत प्रसिद्ध केली. अमेरिकेतला चौदा वर्षांचा मुलगा, प्रतिकारशक्ती जन्मतःच अधू. चार महिन्यांत ताप आणि डोकेदुखीसाठी तीनदा रुग्णालयात. पुढे मेंदूत पाणी साठले, झटके थांबेनात. मेंदूचा तुकडा काढून तपासला, तरी निदान नाही. शेवटी पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात जो काही डीएनए सापडला, तो सरसकट वाचला. ३०,६३,७८४ तुकड्यांपैकी ४७५ लेप्टोस्पायरा जिवाणूचे निघाले. पेनिसिलिन सुरू झाले आणि ३२ दिवसांनी मुलगा घरी गेला.

वर्गात सांगावी अशीच ही गोष्ट आहे. निबंधही प्रामाणिक आहे: आकडे उघड मांडले आहेत, निदान नंतर दुसऱ्या चाचण्यांनी पडताळले आहे. आमचे भांडण त्यातल्या एका शब्दाशी आहे. लेखक या पद्धतीला ‘पूर्वग्रहरहित’ म्हणतात. नेहमीच्या चाचणीत डॉक्टरांना आधी एखाद्या जंतूचा संशय यावा लागतो, इथे तो लागत नाही; इतपत ते खरे. पण वाचलेला तुकडा कोणाचा, हे आधी साठवलेल्या क्रमांशी ताडूनच ठरते. ज्या जंतूचा किंवा त्याच्या जवळच्या भाऊबंदांचा क्रम त्या साठ्यात नाही, तो समोर असून ओळखू येणार नाही. शिवाय वापरलेल्या रसायनांतून शिरलेले परके जिवाणूही मुकाट्याने वाचले जातात. साडेसहा हजार तुकड्यांमागे एक, हा पुरावा की कचरा? यंत्र ते सांगत नाही.

आणखी एक. हा मुलगा पोर्टो रिकोला जाऊन आला होता आणि तिथे लेप्टो आढळतो. निबंधाच्या सारांशात मात्र त्या प्रवासाचा उल्लेखच नाही! पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला की ‘साचलेल्या पाण्यातून चाललात का?’ हे मुंबईतला डॉक्टर विचारतोच. त्याला यंत्र लागत नाही.

याच गटाचा २०१९ चा निबंध आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. त्यात थरार नाही. मेंदू आणि त्याच्या आवरणांच्या दाहाचे वगैरे २०४ रुग्ण घेतले. त्यांत ५८ संसर्ग सापडले. १९ दोन्ही मार्गांनी कळले. १३ फक्त क्रमवाचनाने कळले, नेहमीच्या चाचण्यांतून ते निसटले होते. आणि २६ क्रमवाचनातूनच निसटले! त्यांपैकी ११ केवळ प्रतिपिंडांच्या चाचणीने कळले. हे समजण्यासारखे आहे: जंतू त्या पाण्यातून नाहीसा झाला तरी शरीराने त्याच्याविरुद्ध केलेली प्रतिपिंडे उरतात. वाचायला डीएनएच नसेल तर वाचणार काय? आणखी ७ संसर्गांचा पुरावा शरीराच्या दुसऱ्या भागातल्या नमुन्यात होता, तर ८ मध्ये जंतू फारच थोडे होते. आपल्याच पद्धतीचे अपयश असे कारणांसकट मांडणारे निबंध थोडे.

अकरावी-बारावीच्या मुलांपुढे ५८, १९, १३ आणि २६ हे चार आकडे फळ्यावर लिहावेत आणि विचारावे: क्रमवाचनाचा अहवाल कोरा आला, तर डॉक्टरांनी काय समजायचे?