‘अज्ञात कार्य’ या संज्ञेची चिकित्सा : क्षयजीवाणूच्या एका जनुकाच्या संदर्भात

प्रस्तावना :
क्षयरोगाच्या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४,००० जनुके आढळली. अनेक जनुकांपुढे ‘अज्ञात कार्य’ किंवा ‘हायपोथेटिकल प्रोटीन’ अशी नोंद होती. या संज्ञा वर्गात कशा शिकविल्या जातात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विवेचन :
‘एमएमपीएल-३’ हे जनुक उदाहरणादाखल घेता येईल. ‘मायकोबॅक्टेरियातील पेशीपटलाचे मोठे प्रथिन’ एवढाच या नावाचा अर्थ. प्रथिन कोठे आहे व केवढे आहे हे त्यावरून समजते. ते काय करते हे समजत नाही. या कुळातील प्रथिनांचे साम्य इतर जीवाणूंमध्ये औषधे बाहेर फेकणाऱ्या पंपांशी आहे. त्यामुळे हाही तसाच पंप असावा, असे अनुमान सहज निघते.

प्रयोगाने वेगळेच दाखविले. काही नवी संयुगे वापरल्यावर जे जीवाणू तगून राहिले, त्यांच्या एमएमपीएल-३ जनुकात उत्परिवर्तन आढळले. हे प्रथिन पेशीभित्तिकेसाठी लागणारा मेदयुक्त घटक पटलापार नेते, असे २०१२ मधील संशोधनातून पुढे आले. ते थांबले तर जीवाणू जगत नाही; म्हणूनच ते औषधाचे लक्ष्य ठरले. याउलट त्याच कुळातील एमएमपीएल-५ बेडाक्विलीन हे औषध खरोखरच बाहेर फेकते. म्हणजे एकच अनुमान एका भावंडाबाबत खरे, तर दुसऱ्याबाबत चुकीचे ठरले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णासाठी हा फरक जीवनमरणाचा आहे.

२०१० मधील सीएसआयआरच्या ‘कनेक्ट टू डीकोड’ उपक्रमात देशभरातील विद्यार्थ्यांनी या जनुकांची माहिती संकलित केली. संशोधनाचे दार विद्यार्थ्यांना खुले झाले, हे त्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि प्रसिद्ध माहितीचे संकलन म्हणजे प्रयोगसिद्ध पुरावा नव्हे, ही त्याची मर्यादाही सांगावयास हवी.

भाषेचा प्रश्न :
मुधोळ हे २०१६ पर्यंत आदिलाबाद व त्यानंतर निर्मल जिल्ह्यात असलेले, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. मराठी, तेलुगू व उर्दू या तिन्ही भाषा कानी पडणाऱ्या अशा भागात पारिभाषिक शब्दाची निवड महत्त्वाची ठरते. ‘हायपोथेटिकल’साठी ‘काल्पनिक’ म्हटले की प्रथिन अस्तित्वातच नाही, असा समज होतो. उर्दूतील ‘फर्जी’ शब्दाला तर बोलण्यात ‘खोटे’ हाच अर्थ चिकटला आहे. ‘अनुमानित प्रथिन’ हा पर्याय अधिक योग्य वाटतो.

निष्कर्ष :
‘अज्ञात’ हा जनुकाचा गुणधर्म नसून त्या काळातील ज्ञानाची मर्यादा आहे. म्हणून शिक्षकांनी ‘अज्ञात कार्य’ऐवजी ‘कार्य अद्याप असिद्ध’ असे लिहावे, सोबत नोंदीचे वर्ष द्यावे आणि माहिती साम्यावरून आली की प्रयोगातून, हे स्पष्ट करावे. त्यामुळे विद्यार्थी उत्तर पाठ करण्याऐवजी पुरावा विचारू लागेल.